सातव्या दिवसाचा विमा

पनवेलजवळच्या नेऱ्यात विम्याचं वारं सुटलं ते एका उडीपायी. हायम गव्हाणकरच्या शेजारच्या फार्महाऊसवर मुंबईचा एक पाहुणा पोहायच्या टाकीत डोकं खाली करून उडाला, आणि उडाला तो नेमका उथळ बाजूला. खांद्याचं हाड मोडलं. घरच्यांनी तक्रार केली. मालक राहायला मुंबईला, त्यानं फोनवर सांगून टाकलं, की मी त्या दिवशी तिथे नव्हतोच, सगळं वॉचमन बघत होता. झालं! मालक घरी बसून चहा पितोय आणि वॉचमन कोर्टाच्या तारखांना जातोय. असा न्याय.

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. आठ दिवसांत नेऱ्यातले सगळे फार्महाऊसवाले विमा विमा करायला लागले. ज्यांनी जन्मात स्कूटरचा हप्ता वेळेवर भरला नाही, ते चहाच्या टपरीवर ‘पब्लिक लायबिलिटी’ म्हणायला शिकले. आणि त्यांच्या मागोमाग खांदा कॉलनीतून हेतल आली. पाठीला सॅक, हातात टॅब, जीभ कात्रीसारखी. बाई मूळची गुजराती, पण पनवेलात वाढलेली, त्यामुळे भांडायला मराठी आणि हिशेबाला गुजराती. तिनं चार दिवसांत अर्धं नेरं गुंडाळलं आणि पाचव्या दिवशी हायमच्या ओट्यावर येऊन बसली.

हायमला विमा हवाच होता. एकसष्ट वर्षांचा माणूस, चौतीस वर्षं पोस्टाच्या खिडकीमागे बसून रिटायर झालेला. लोकांचे फॉर्म तपासण्यात जन्म गेला. ‘रकाना रिकामा ठेवू नये आणि खोटा भरू नये’ हे वाक्य त्यानं इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते आता त्याच्या तोंडून झोपेतही निघत असेल. बायको बथशेबा. मुलगी मोरान लग्न करून इस्राएलला गेलेली. थोरला भाऊ यायर तर तीस वर्षांपूर्वीच तिकडे गेलेला. एके काळी नेरे ते पनवेल या पट्ट्यात बेने इस्राएलांची, म्हणजे मराठी यहुद्यांची, बरीच घरं होती, आता नेऱ्यात हे एकच. गावाला त्याचं काही वाटत नसे. हायम म्हणजे आपला हायम.

घर असं, की पुढे दोन खोल्यांत हे दोघं राहायचे, आणि मागे, जिथे बापाची भाताची गिरणी होती तिथे, चार खोल्या आणि एक पोहायची टाकी. भात गेलं, जमिनी गेल्या, विमानतळ येणार म्हणून मातीला सोन्याचा भाव आला आणि गिरणीवर येणारं कुणी उरलं नाही. तेव्हा हायमनं पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. दारात एक ईको गाडी. म्हणजे घर, गाडी आणि धंदा, तिन्ही एकाच कुंपणात.

“काका, सोप्पं आहे,” हेतल म्हणाली. “तीन पॉलिसी. आधी घर. राहतं घर आहे ना?”

“हो. म्हणजे पुढच्या दोन खोल्या.”

“मागे?”

“मागे पाहुणे.”

“मग राहतं नाही.”

“अहो, आम्ही राहतो की!”

“तुम्ही राहता हो, पण घर राहतं नाही. अर्धं घर, अर्धा धंदा. त्याचं वेगळं पॅकेज आहे, थोडं महाग. टाकते. आता गाडी. खाजगी?”

“हो.”

“पाहुण्यांना पनवेल स्टेशनवरून आणता?”

“हो.”

“फुकट?”

हायमनं स्वयंपाकघराकडे पाहिलं. “गॅसपुरते घेतो.”

“मग ती टॅक्सी झाली, काका. पांढऱ्या पाटीवर पैसे घेऊन माणसं आणली आणि उद्या पुलावर ठोकली, तर कंपनी एक रुपया देणार नाही. एक तर पिवळी पाटी लावा, नाही तर पाहुण्यांना सांगा रिक्षा करा.”

“रिक्षा करतील,” बथशेबा स्वयंपाकघरातून म्हणाली. तिला त्या गाडीचं स्टेशनवर जाणं कधी आवडलं नव्हतंच.

अर्ध्या तासात दोन गोष्टी सुटल्या. हायम खूश झाला, त्यानं हेतलला दुसऱ्यांदा चहा पाजला. मग तिनं तिसरा फॉर्म उघडला.

“धंदा. मालक तुम्ही. चालवता तुम्ही. सातही दिवस ताबा तुमचाच ना?”

“सहा दिवस माझा,” हायम म्हणाला. “शनिवार विठूचा.”

हेतलचं बोट हवेतच राहिलं.

आता हा शनिवार काय प्रकार होता, ते सांगायला हवं.

यहुद्याला शनिवारी धंदा नाही. शुक्रवारी सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो, तो शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत. पैसे घ्यायचे नाहीत, लिहायचं नाही, गाडी हाकायची नाही, विस्तवाला हात लावायचा नाही. पण गाव काय हायमच्या बापाच्या शब्बाथासाठी उपाशी बसणार? शनिवारी गिरणी बंद ठेवली, तर लोक भात घेऊन पार पनवेलला जायचे. तेव्हा त्या बापानं एक तोड काढली होती. दर शुक्रवारी उन्हं उतरली, की तो गिरणीच्या किल्ल्या घेऊन ओट्यावर उभा राहायचा आणि विठूच्या बापाच्या हातात ठेवून म्हणायचा, “उद्याचा दिवस तुझा.” आणि विठूचा बाप म्हणायचा, “घेतला.” बस्स. एवढ्या दोन वाक्यांवर गिरणी एका दिवसापुरती विठूच्या बापाची. कमाई त्याची, नुकसान झालं तर त्याचं, कुणाचं भात आधी भरडायचं तेही त्यानंच ठरवायचं. कागद नाही, साक्षीदार नाही. बाप गेले, तशा त्या किल्ल्या हायम आणि विठूकडे आल्या. गिरणी जाऊन टाकी आली, तरी शुक्रवार तोच राहिला. शनिवारचं भाडं विठूचं, रविवारचं हायमचं. किल्ल्यांबरोबर आता हायमचा मोबाईलही जायचा, एवढाच फरक.

आणि विठूचा शनिवार बघण्यासारखा असायचा. आठवडाभर टाकी साफ करणारा, झाडं छाटणारा विठू शनिवारी इस्त्रीचा शर्ट घालून यायचा. हायमच्या वेताच्या खुर्चीत बसायचा, पाय कठड्यावर. फाटक आपल्या मर्जीनं उघडायचा, कधी आठला, कधी साडेनऊला. एकदा एका पाहुण्यानं बायकोवर हात उचलला, तर विठूनं त्याचं सामान रस्त्यावर ठेवून त्याला घालवून दिलं होतं. हायमनं रविवारी विचारलंसुद्धा नाही. शनिवारचा मालक तो.

हेतलनं हे सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

“काका, असं कुठे लिहू मी? कंपनी विचारेल, हा विठू कोण? भाडेकरू? पार्टनर? नोकर?”

“यातलं काहीच नाही.”

“मग शनिवारी काही झालं, तर कंपनी म्हणणार, ज्यानं विमा काढला तो धंदा चालवतच नव्हता. पैसे नाहीत. आणि जो चालवत होता त्याचा विमाच नाही.”

“म्हणजे सहा दिवसांचा विमा.”

“हो. आणि पाहुणे कधी येतात तुमच्याकडे?”

हायमनं मनात हिशेब केला. सोमवार ते शुक्रवार नेऱ्याला कोण पोहायला येतंय? पाहुणे शनिवारी सकाळी यायचे, रविवारी दुपारी जायचे. म्हणजे छत्री घ्यायची, पण पावसाचे दिवस सोडून.

“सोप्पा उपाय आहे,” हेतल म्हणाली. “लिहू या, सातही दिवस मालक तुम्हीच. आणि विठूभाऊ नोकर. पगारी. मग टाकीत कुणी पडो, विठूभाऊला स्वतःला काही होवो, सगळं कव्हर. केस झाली तर वकीलसुद्धा कंपनीचा.”

विठू तिथेच पायरीवर बसला होता. तो मान न उचलता म्हणाला, “लिवा ना मंग. नोकर तं नोकर. काय झिजतोय मी?”

“गप रे!” हायम एवढ्यांदा ओरडला, की बथशेबा बाहेर आली. “नोकर म्हणे! माझ्या बापानं तुझ्या बापाला काय म्हणून किल्ल्या दिल्या, तुला ठाऊक नाही? नोकर असतास तर शनिवारी मीच धंदा करत होतो असं झालं असतं. नोकराकडून करवून घेतलेलं काम मालकाचंच असतं.”

हेतलला कळेना की म्हातारा चिडला कशावर. पण हायमला सगळं लख्ख दिसत होतं. त्या एका रकान्यात ‘नोकर’ लिहिलं, की मागचे सगळे शनिवार, त्याचे आणि त्याच्या बापाचे, उलटे होऊन अंगावर येत होते. सामुदायिक प्रार्थनेला लागतात ते दहा यहुदी पुरुष नेऱ्यात जमायचे नाहीत, पनवेलच्या यहुदी देवळातही सणासुदीलाच काय ती माणसं दिसायची. हिब्रू त्याला वाचता यायची, कळायची थोडीच. त्याच्याजवळ यहुदीपणाचं म्हणून धड एकच काही उरलं होतं, ते म्हणजे शनिवारी धंदा करत नाही हे. आणि आता ते एका रकान्यात खोटं ठरत होतं.

“मग पार्टनर लिहा,” तो म्हणाला. “भागीदार. ते खरं आहे.”

“पार्टनरला कागद लागतो, काका. जागेचे मालक किती?”

“दोन. मी आणि यायर.”

“मग दोघांच्या सह्या.”

यायरला फोन लावला तो त्याच दिवशी संध्याकाळी. तिकडे दुपार. यायर म्हणजे तीस वर्षं परदेशात राहून मराठीत शिव्या तेवढ्या ताज्या ठेवलेला माणूस. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

“अरे येड्या, विठूला भागीदार करतोस? उद्या तो जमिनीवर हक्क सांगेल.”

“विठू?”

“विठू नाही तर त्याचा पोरगा. हायम, मी एकाच कागदावर सही करणार, विकायच्या. विक ते सगळं आणि बथशेबाला घेऊन इकडे ये. इथे शनिवारी अख्खा देश बंद असतो, कुणाला किल्ल्या द्याव्या लागत नाहीत.”

हायमनं फोन ठेवला. यायरला वाटत होतं तो सुटकेचा रस्ता दाखवतोय. पण इथली माती सोडून हायम कुठे जाणार होता? पोरीनं दोनदा बोलावलं, दोनदा महिनाभर राहून आला, आणि दोन्ही वेळा पंधराव्या दिवशी त्याला विठूची शिवी ऐकावीशी वाटायला लागली.

“शनिवार बंद ठेवू,” तो बथशेबाला म्हणाला.

“आणि विठूनं खायचं काय?” ती म्हणाली. “तुम्हाला पेन्शन आहे.”

झालं, तेही दार बंद. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधे उभं राहायला पायरीसुद्धा नाही. विठूचं घर शनिवारवर चालत होतं. शनिवार बंद केला तर तो उपाशी, चालू ठेवला तर वॉचमनसारखा एके दिवशी तो कोर्टात. आणि शनिवार आपला म्हणून लिहिला, तर हायमनं आरशात बघायचं कसं?

बुधवारी विठूची बायको वेणू आली. ती कधी यायची नाही उगीच. ओट्याच्या खालीच उभी राहिली, वर ये म्हटलं तरी आली नाही.

“हायमभाऊ, तुमचा धरम मोटा हाय, मला नाय कळत,” ती म्हणाली. “पन त्या वॉचमनची बायको रोज माज्या दारावरून जाते, कामाला. तिचा नवरा आता कुनी ठेवत नाय कामावर. मी याला सांगलंय, कागद झाला नाय तं शनवारी जायचं नाय. तं हा म्हनतो, दिवस माजा हाय, मी जानार.”

“अगं वेणू, मी बघतोय काहीतरी...”

“काय बघताय? आठ दिस झालं बघताय.” तिचे डोळे भरले होते, पण आवाज खणखणीत होता. “नोकर लिवल्यानं कुनाचा हात तुटत नाय. मी सात घरी नोकरच हाय की. माजं काय बिगरलं?”

 हायमला वेणूसमोर लाज वाटली, मग स्वतःचीच वाटली, आणि तो आत जाऊन उगीच दिव्याच्या वाती वळत बसला.

त्यात भर म्हणजे या शनिवारचं बुकिंग. मुंबईच्या एका कंपनीची तीस माणसं दिवसभराच्या सहलीला यायची होती. शनिवारचा मालक म्हणून विठूनं स्वतःच बोलणी केली होती, कोंबडीवाल्याला सांगून ठेवलं होतं, मंडपवाल्याच्या खुर्च्या येणार होत्या. आणि गुरुवारी त्या कंपनीच्या मॅडमचा फोन आला, की आमच्या ऑफिसचा नियम आहे, विम्याच्या कागदाची कॉपी पाठवा, नाही तर आम्ही दुसरीकडे बघतो.

हायमनं हेतलला फोन केला. ती म्हणाली, “काका, मी फॉर्म भरून ठेवते. सातही दिवस तुमचे, विठूभाऊ नोकर. विमा कंपनीनं पास केला की शुक्रवारी दुपारी तुमच्या फोनवर सहा आकडी नंबर येईल. तो मला सांगितलात की तुमची संमती. नाही सांगितलात तर फॉर्म आपोआप रद्द. दहा मिनिटं असतात. बघा, सगळं तुमच्या हातात आहे.”

तुमच्या हातात आहे! फाशीच्या माणसाला दोरीचा रंग विचारतात त्यातली गत. पण ‘बरं’ म्हणून त्यानं फोन ठेवला. पोस्टातला माणूस, दुपारी नंबर येईल म्हटल्यावर दुपारी येईल असं त्यानं धरलं. निदान तोवर निर्णय घ्यावा लागणार नव्हता.

शुक्रवारी जेवण झाल्यापासून हायम फोन पुढ्यात ठेवून बसला. दोन वाजले. तीन वाजले. प्रत्येक वेळी फोन वाजला की तो झडप घालून उचलायचा, आणि कुठल्या तरी कर्जवाल्याचा निघाला की त्याचंही सगळं म्हणणं ऐकून घ्यायचा. नंबर यावा असं त्याला वाटत होतं. येऊ नये असंही वाटत होतं. चारला हेतल म्हणाली, “अजून पास नाही झाला, सर्व्हर स्लो आहे.” पाचला ती म्हणाली, “होईल हो.” हिवाळ्याचे दिवस, सूर्य काय हेतलच्या सर्व्हरसाठी थांबतोय? डोंगराची सावली टाकीपर्यंत आली. बथशेबानं टेबलावर पांढरं कापड अंथरलं, मनुकांचं सरबत गाळून पेल्यात ओतलं, रोट्या झाकून ठेवल्या.

“विठू आलाय,” ती म्हणाली.

हायम उठला. दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे आत देवाची वचनं ठेवलेल्या लहान डबीला, बोटं लावून ती ओठांना लावली आणि ओट्यावर आला. विठू खाली उभा होता, उद्याचा शर्ट आजच घातलेला. तीस माणसं यायची होती ना.

“आला आकडा?”

“नाही आला.”

“मंग?”

“मग काही नाही,” हायम म्हणाला, आणि त्याला, खोटं कशाला सांगा, सुटल्यासारखं वाटलं. सुंठीवाचून खोकला गेला. आता शब्बाथ लागणार, आता कुणी त्याला काही विचारू शकत नव्हतं. उद्या ती माणसं येतील नाही तर न येतील, पण त्याच्या हातून खोटं लिहिलं गेलं नाही. त्यानं किल्ल्या आणि मोबाईल विठूच्या हातात ठेवले.

“उद्याचा दिवस तुझा.”

“घेतला,” विठू म्हणाला.

बथशेबानं दिवे लावले. डोळ्यांवर हात घेऊन ती पुटपुटली. हायमनं पेला उचलला आणि प्रार्थनेची पहिली ओळ म्हटली. दुसरी ओळ अर्धी झाली असेल नसेल, विठू दारात उभा.

फोन त्याच्या हातात चालू होता. फोनमधून हेतलचा आवाज येत होता, “दहाच मिनिटं, विठूभाऊ, काकांना विचारा!”

“हायम,” विठू म्हणाला. “आकडा आलाय.”

हायम पेला हातात धरून उभा राहिला. प्रार्थना मधे तोडून बोलायचं नाही. आणि धंद्याचं तर बोलायचंच नाही. त्यानं मान हलवली, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, हे त्याचं त्यालाही कळलं नाही.

“मला ठाव हाय तू आता बोलनार नाय,” विठू म्हणाला. “बोलू पन नको. पन नको म्हनायचं असंल तं हात वर कर. मी फोन बंद करतो आनि त्या मॅडमला सांगतो, नका येऊ.”

सांगा बरं, किती साधी गोष्ट. हात वर करायचा. शब्बाथात हात वर करायला बंदी नाही. हायमनं पेल्याकडे पाहिलं. हात वर केला, तर उद्या विठूची तीस माणसं जाणार, आणि पुढच्या आठवड्यात दुसरी तीस येणार, बिनकागदाची, आणि त्यातला कुणी तरी उथळ बाजूला उडी मारणार. मग वेणू वॉचमनच्या बायकोबरोबर कामाला जाणार. हात खाली ठेवला, तर विठू नोकर आणि शनिवार आपला. त्याचा हात उचलला जाईना. पेला मात्र कलला आणि सरबत पांढऱ्या कापडावर सांडलं. गप्प राहणं हीसुद्धा सहीच असते, हे चौतीस वर्षं सह्या तपासणाऱ्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

“हॅलो? पाच मिनिटं राहिली,” हेतल म्हणाली.

विठूनं बथशेबाकडे पाहिलं. ती दिव्यांकडे बघत होती. मग त्यानं पुन्हा हायमकडे पाहिलं, आणि लहानपणी गाढी नदीच्या डोहात आधी कुणी उतरायचं यावरून दोघं अडायचे तेव्हा जसा हसायचा, तसा किंचित हसला.

“बरं,” तो म्हणाला. “आजचा दिवस कुनाचा हाय? तूच दिलास ना आत्ता? मी घेतला म्हनलो का नाय?”

हायमचे डोळे भरून आले.

“मंग मालक मी. फोन माजा, फाटक माजं, टाकी माजी. मालक काय करायचं ते मालक ठरवंल. तुला कुनी विचारतच नाय.” आणि त्यानं फोन डोळ्यांसमोर लांब धरला, चष्मा नव्हता म्हणून, आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. “चार. शून्य. नऊ. नऊ. दोन. सात. झाला काय, ताई?”

“झाला!” हेतल म्हणाली. “कागद येतोय फोनवर. अभिनंदन हं, काकांना सांगा.”

विठूनं फोन खिशात घातला. “चालू दे तुजं,” तो हायमला म्हणाला, आणि दार हळूच ओढून घेऊन गेला.

हायम तसाच उभा होता. बथशेबानं त्याच्या हातातून पेला घेतला, पुन्हा भरला आणि पुन्हा त्याच्या हातात दिला. “पहिल्यापासून म्हणा,” ती म्हणाली. त्यानं पहिल्यापासून म्हटलं. पण दुसऱ्या ओळीपाशी तो थांबला, आणि राहिलेलं तिनंच म्हटलं.

शनिवारी तीस माणसं आली. कुणी पडलं नाही, कुणी बुडालं नाही, कोंबडी पुरली. हायमनं दिवसभर मागच्या खिडकीचा पडदा सरकवला नाही. संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर तो मागे गेला, तेव्हा त्याला दिसलं, की वेताची खुर्ची जागच्या जागी रिकामी होती आणि तिच्यावर एका पाहुण्याचा ओला टॉवेल वाळत घातला होता. विठू फाटकाजवळ प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसला होता. “इथनं टाकी नीट दिसते,” तो म्हणाला. किल्ल्या आणि मोबाईल देताना त्यानं भाड्याचं पाकीटही पुढे केलं.

“हे काय? शनिवारचं तुझं,” हायम म्हणाला.

“असं लिवलंय व्हय कागदात?”

“कागद गेला खड्ड्यात! पैसे तुझेच. शप्पथ आहे तुला.”

विठूनं पाकीट परत खिशात घातलं. त्यात हुज्जत घातली नाही, त्याला घर चालवायचं होतं. हायमला वाटलं, चला, निदान एवढं तरी तसंच राहिलं. कागद कंपनीच्या कपाटात पडलेला असेल, त्याला ओट्यावरच्या दोन वाक्यांचं काय? पुढच्या शुक्रवारी किल्ल्या देऊ, तो घेतला म्हणेल, की झालं. आठवडाभर त्यानं मनाशी हेच घोकलं. बथशेबालाही दोनदा सांगितलं. ती तांदूळ निवडत राहिली.

पुढच्या शुक्रवारी उन्हं उतरली, डोंगराची सावली टाकीपर्यंत आली. विठू वेळेवर आला. रोजच्या कपड्यांत आला, पण ते काय, तीस माणसं रोज थोडीच येतात? हायम मेझुझाला बोटं लावून ओट्यावर आला. किल्ल्या आणि मोबाईल विठूच्या हातात ठेवले.

“उद्याचा दिवस तुझा,” तो म्हणाला. नेहमीपेक्षा जरा मोठ्यानंच म्हणाला.

विठूनं किल्ल्या घेतल्या. मोबाईल खिशात टाकला. किल्ल्यांचा जुडगा बोटात फिरवत तो उभा राहिला, जाईना. हायम ‘घेतला’ ऐकायला थांबला. आत बथशेबा काडेपेटी हातात घेऊन थांबली होती. सूर्याची कड अजून डोंगराच्या वर होती.

“हायम,” विठू म्हणाला, “उद्या फाटक किती वाजता उघडू?”

हायमनं त्याच्याकडे पाहिलं. विठूच्या तोंडावर राग नव्हता, टोमणा नव्हता. त्याला खरंच वेळ हवी होती.

“दहाला,” हायम म्हणाला.